कानामागचा उंचवटा

मेंढीची मुंडी चुलीवर रटरटत होती आणि युफेमिया गिलफिलन चुलीपाशीच घुटमळत होती. दर थोड्या वेळानं ती झाकण काढायची, वाफेत तोंड घालायची आणि काहीच न बघता झाकण परत ठेवायची.

"आई, मुंडी पळून नाही जाणार," ग्रिझेल म्हणाली. "मेलेली आहे ती. केस जाळायला लोहारानं वरून भाजलीये पण."

"जव शिजलेत का बघते गं."

"जव केव्हाच शिजले. आता त्यांचा लगदा होईल. बस जरा."

युफेमिया बसली आणि लगेच उठली. मुंडीचा रस्सा तिच्या मोठ्या मुलाला, मुंगोला, लहानपणापासून आवडायचा, म्हणून तो केला होता. शिवाय तिचा नवरा वॉल्टर म्हणायचा की मुंडीच्या जेवणाला भांडण होत नाही, सगळ्यांचे दात हाडांत गुंतलेले असतात. वॉल्टर जाऊन बरीच वर्षं झाली. आज त्याचं म्हणणं खरं ठरावं एवढंच तिला वाटत होतं.

मंगळवारचं सगळ्या लीथ बंदराला ठाऊक झालं होतं. लाकूड आणणाऱ्या जहाजाचा एक कप्तान गिलफिलनांच्या दुकानात नवी हॅट घ्यायला आला. चुलत्याच्या कारखान्यातून त्या दिवशी दुकानात मदतीला आलेला तिचा धाकटा मुलगा निनिअन ती त्याच्या डोक्यावर बसवत होता आणि निनिअनचे हात, हल्ली थरथरायचे तसे, थरथरत होते. कप्तान हसून म्हणाला, "काय रे, रात्रीची अजून उतरली नाही वाटतं?" जन्मात दारूला न शिवलेल्या निनिअननं हॅटचा लाकडी साचा उचलला आणि फेकला. तो ग्रिझेलच्या कानाजवळून गेला. दुसरा उचलला, तो कप्तानाच्या खांद्यावर बसला आणि खांद्याचं हाड मोडलं.

शेरीफनं आज संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. मुलाचा स्वभावच असा घातकी असेल तर त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकायचं. तसा नसेल तर घरातल्या कुणी जामीन राहावं आणि त्याला घरी ठेवावं. आणि स्वभाव कसा आहे हे सांगणार कोण, तर मुंगो. मुंगो मस्तकशास्त्रावर, म्हणजे डोक्याच्या उंचवट्यांवरून स्वभाव ओळखण्याच्या विद्येवर, व्याख्यानं द्यायचा आणि शेरीफसाहेब पहिल्या रांगेत बसायचे. मुंगो गिलफिलननं डोक्यावर हात ठेवून सांगितलं की त्यांच्यासाठी तो शेवटचा शब्द.

"तो काय म्हणेल गं?" युफेमियानं विचारलं.

"कॅलिपर घेऊन येईल, डोकं मोजेल, आकडे सांगेल. आकड्यांना भाऊबहीण नसतात, आई."

"आणि तू? तू कुणाच्या बाजूनं?"

ग्रिझेल पळ्या मोजत होती, ती थांबली. ही घरातली थोरली. वडील गेल्यापासून दुकान तिनं ओढलं होतं, आणि ते ओढता ओढता लग्नाचं वय निघून गेलेलं तिला आणि घरच्यांना एकदमच कळलं होतं. "मी झोपेच्या बाजूनं," ती म्हणाली. "मंगळवारपासून दाराला खुर्ची लावून झोपते मी. सख्ख्या भावाच्या भीतीनं. इस्पितळात गेला तर निदान त्याला खायला मिळेल आणि मला झोप."

युफेमियानं पुन्हा झाकण काढलं. दोन महिन्यांपूर्वी ती एडिंबऱ्याला मुंगोचं व्याख्यान ऐकायला गेली होती. चौकोन आखलेलं एक पांढरं प्लास्टरचं डोकं टेबलावर होतं. मुंगोनं त्याच्या कानामागे काठी टेकवली आणि म्हणाला, "इथे विध्वंसाची वृत्ती राहते." सगळे त्या डोक्याकडे बघत होते. ती स्वतःच्या हातांकडे बघत बसली होती. तेव्हापासून तिला नीट जेवण गेलं नव्हतं आणि का ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

*

मुंगो एडिंबऱ्याहून चालतच खाली लीथला येत होता. डोकं मोजायचं दोन टोकांचं कॅलिपर कोटाच्या आतल्या खिशात होतं आणि पावलागणिक छातीला टोचत होतं.

मुंगोचं बालपणच डोक्यांत गेलं होतं. वॉल्टर गिऱ्हाइकाच्या डोक्याभोवती कागदाची जाड पट्टी गुंडाळायचा, जिथे उंच तिथे उंच, जिथे खोल तिथे खोल अशी चिमटीनं दाबायचा आणि नाव घालून खिळ्याला अडकवायचा. त्या पट्ट्या हीच मुंगोची खेळणी. तो त्या जमिनीवर मांडून बसायचा.

"बाबा, हे कुणाचं?"

"न्यायाधीशाचं."

"आणि हे?"

"ज्यानं बायकोला जिन्यावरून ढकललं ना, त्याचं."

पोरगा दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवायचा आणि टक लावून बघायचा. एक कपाळाशी रुंद, एक कानांशी रुंद. वॉल्टर हसायचा. "अरे, हॅट दोघांनाही लागते. आपण मापाचं बघावं." पण पोराच्या मनात बसलं ते बसलंच. त्यात त्याचं स्वतःचं कपाळ असं भरघोस, की म्हातारे पाद्रीबाबा एकदा त्यावर हात ठेवून म्हणाले, "हा पाळण्यातूनच पदवी घेऊन आलाय." युफेमियानं ते वाक्य सगळ्या गल्लीला इतक्यांदा ऐकवलं, की मुलगा शहाणा निघाला नसता तर गल्लीला तोंड दाखवायची सोय उरली नसती. तो शहाणा निघाला. वकिलाकडे कारकुनी करता करता एका फिरत्या डॉक्टरची व्याख्यानं त्यानं ऐकली आणि त्याला आपली लहानपणची खेळणी परत मिळाली. आता तो स्वतः व्याख्यानं द्यायचा, आणि त्याच्या जाहिरातीवर एका डोक्याची काळी आकृती छापलेली असायची. ती त्याच्याच डोक्याची होती.

मागे ग्लासगोत कुणीतरी खोचकपणे विचारलं होतं, "तुमच्या घरात नाही का एखादं वाईट डोकं?" मुंगो म्हणाला होता, "शास्त्राला घर नसतं, महाशय." टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्या आता त्याला आठवत होत्या आणि आठवू नयेत असं वाटत होतं. निनिअनच्या डोक्याला त्यानं मुद्दामच कधी हात लावला नव्हता. पण डोळे मिटून थोडंच राहता येतं?

*

ॲडम काका जेवणाआधी प्रार्थना म्हणायचे तेव्हा ती चिमण्यांपासून सुरू होऊन पापी माणसांपर्यंत जायची, आणि आज ती पापी माणसांपाशी जरा जास्तच रेंगाळली. काका म्हणजे वॉल्टरचे धाकटे भाऊ. चर्चच्या पंचांपैकी एक, आणि नदीकाठच्या मागच्या कारखान्याचे मालक, जिथे सशाच्या केसांपासून हॅटचं जाड कापड, फेल्ट, बनायचं. 'आमेन' होईपर्यंत रश्श्यावर साय धरली होती.

निनिअननं चमचा दोन्ही हातांनी धरला. तरी तोंडाशी येईपर्यंत निम्मा रस्सा टेबलक्लॉथवर. काकांनी त्या डागाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं आणि मग कुणीच नाही.

"दादा," निनिअन म्हणाला, आणि चमच्यानं मधल्या थाळीतली मुंडी दाखवली, "माझं नंतर बघ. आधी हिचं बघ. हिच्या कानामागे काय आहे? हिनं कुणाचा खांदा मोडला?"

"मेंढी गरीब जनावर आहे," मुंगो म्हणाला.

"म्हणून तर भाजली तिला."

युफेमिया खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. ॲडम काकांनी चमचा खाली ठेवला. "वहिनी, मी सरळ बोलतो. मी पंचांत बसतो. उद्या रविवार. उद्या सगळं लीथ मागे वळून आपल्या बाकाकडे बघणार."

"काका, तुम्ही तर पहिल्या बाकावर बसता," निनिअन म्हणाला. "तुमच्याकडे बघायला मागे वळावं नाही लागत."

"बघितलंत, वहिनी? जीभ कशी चालते बघा."

"तेवढीच थरथरत नाही माझी. चालू दे की तिला."

"निनिअन!" युफेमिया म्हणाली. मग दिराकडे वळली. "भावजी, तो घाबरलाय हो. घाबरला की असं बोलतो. लहानपणापासून."

"घाबरायचं आम्ही. हाडं आमची मोडणार. ग्रिझेलला विचारा."

सगळे ग्रिझेलकडे बघायला लागले. ती काकांच्याच बाजूनं बोलणार होती, वाक्यही मनात तयार होतं. पण निनिअननं तेवढ्यात पुन्हा चमचा उचलला, दोन्ही हातांनी, कोपर टेबलावर रोवून, मान खाली नेऊन, आणि ग्रिझेल ते वाक्य विसरली. असा चमचा धरणारं माणूस तिनं याच खुर्चीत बघितलं होतं. शेवटच्या वर्षी बाबांच्या कपात ती अर्धाच चहा ओतायची, सांडू नये म्हणून.

"मला आत्ता काही नाही बोलायचं," ती म्हणाली.

काकांच्या भुवया वर गेल्या. ते तिला आपल्याच बाजूची धरून चालले होते. "मग मुंगोच बोलेल," ते म्हणाले. "उजेड आहे तोवर उरकून घे रे बाबा. शेरीफ वाट बघतोय."

*

खिडकीपाशी बुटकं स्टूल ठेवलं, त्यावर निनिअन बसला. मुंगोनं बाह्या मागे सारल्या आणि भावाच्या लाल केसांत बोटं घातली.

"गार आहेत तुझे हात," निनिअन म्हणाला.

"मान हलवू नकोस."

"दादा." निनिअननं आवाज खाली आणला, पण खोली लहान होती, सगळ्यांना ऐकू गेलं. "खरं सांग हं. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. मी तो साचा उचलला ना, तेव्हा मला कळत होतं. समोर ताई आहे हेही दिसत होतं. तरी हात थांबेना. माझ्यात तसं काही भरलेलंच आहे का रे? असलं तर मलाच कळू दे एकदा."

आजवर शेकडो डोकी त्यानं चाचपली होती, पण ज्याच्या डोक्याला हात लावताना रडू येईल असं एकही नव्हतं. त्यानं कॅलिपर काढलं. कपाळ मोजलं. ते अरुंद होतं आणि मागे उतरत गेलेलं. मग कानांच्या मागे टोकं टेकवली. ती त्याला वाटलं होतं त्याहून खूप लांब उघडावी लागली. त्यानं पुन्हा मोजलं. मग उगाच तिसऱ्यांदा.

"बोल," काका म्हणाले.

"मोठा आहे," मुंगो म्हणाला.

"म्हणजे?"

"कपाळ दबलेलं. कानांच्या मागे दोन्हीकडे उंचवटा. चांगला मोठा." त्यानं कॅलिपर मिटलं. "शेरीफनं विचारलं तर मला हेच सांगावं लागेल."

निनिअननं मान हलवली. "बरं," तो म्हणाला. "कळलं एकदाचं." आणि तो इतक्या शहाण्या मुलासारखा स्टुलावरून उठायला लागला, की ग्रिझेलनं तोंड फिरवलं.

"खाली बस," युफेमिया म्हणाली.

"आई..."

"बस म्हणते ना! त्याला कुठे नेताय? न्यायचं तर मला न्या. हे माझ्या हातानं झालंय."

"वहिनी, काय बोलताय?"

युफेमिया उभी होती आणि एप्रनला हात पुसत होती, हात कोरडे असूनही. "मुंगोच्या वेळी बेल रँकिन होती. सुईण. हाताला गुण होता तिच्या. रोज कोमट लोणी लावून बाळाचं डोकं चोळायची, कपाळ असं वर, बाजू अशा गोल. म्हणायची, पोराचं डोकं ओल्या मातीसारखं येतं गं, आकार आपण द्यायचा. टाळू भरेपर्यंत तिनं दिला. मुंगो, तुझं हे कपाळ आहे ना, पाद्रीबाबांनी हात ठेवला ते, ते बेलनं केलंय."

मुंगोचा हात नकळत कपाळाकडे गेला. त्यानं तो खाली घेतला.

"निनिअनच्या वेळी बेल मेली होती. मी म्हटलं, त्यात काय, बघितलंय की आपण. मला दुसरा मुंगो हवा होता. लोकांनी म्हणावं, गिलफिलनांकडे असेच जन्मतात. मी चोळलं, पण माझ्या हाताला काही वळण येईना. मग दाबलं. तो रडायचा, मी आणखी दाबायची. मग कपाळावरून कापडाची पट्टी बांधली. घट्ट. ती तशीच ठेवली रात्रभर. सकाळी सोडली तेव्हा कपाळावर लाल वळ होता आणि पोर रडायचंसुद्धा थांबलं होतं." तिनं निनिअनकडे बघितलं नाही. "कणीक पुढून दाबली की जाते कुठे? मागेच ना? कुठे गेली ते मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. तू काठी टेकवलीस त्या पांढऱ्या डोक्यावर, मुंगो, तेव्हा कळलं. कप्तानाचं हाड मी मोडलंय. घेऊन चला मला शेरीफकडे."

मग ॲडम काका खाकरले. "वहिनी, या बायकांच्या गोष्टी. त्यांचा कायद्याशी काही संबंध नाही."

"आई, असं होत नाही," मुंगो घाईघाईनं म्हणाला. निदान हे तरी शास्त्रात होतं, आणि ते हाताशी आलं म्हणून त्याला क्षणभर हायसं वाटलं. "ऐक माझं. हातांनी कवटीला वळण लागत नाही. कवटी मेंदूप्रमाणे वाढते, आतून. तू काहीही बांधलं असतंस तरी हे असंच झालं असतं. तुझा काही दोष नाही. तो जन्मतःच..."

आणि तो थांबला. निनिअन स्टुलावर मान खाली घालून बसला होता आणि पुढचा शब्द ऐकायची वाट बघत होता.

"जन्मतःच काय?" युफेमियानं विचारलं. "म्हणजे माझ्या पोटातच? मग तरी मीच ना रे?"

आईला सोडवावं तर भाऊ अडकत होता. भावाला सोडवावं तर आई. आणि आई म्हणते ते खरं मानावं, हातांनी कपाळं घडतात असं म्हणावं, तर जाहिरातीवरचं ते काळं डोकं म्हणजे एका सुईणीची लोण्यातली कारागिरी. आजवर मुंगोनं शेकडो लोकांना त्यांचे स्वभाव सांगितले होते, कुणाची लग्नं जुळवली होती, कुणाची मोडली होती. घरातल्या तीन माणसांपुढे मात्र त्याच्याकडे एक धड वाक्य नव्हतं.

"बाबांचं डोकं कुणी आवळलं होतं?" ग्रिझेलनं विचारलं.

"काय?"

"बाबांचं म्हणते मी. त्यांचेही हात असेच थरथरायचे. तेही शेवटी शेवटी असेच भडकायचे. आई, चहाचा कप भिंतीवर फेकला होता त्यांनी, आठवतंय? चहा गार झाला म्हणून. त्याआधी जन्मात कुणाला अरे म्हणाले नव्हते." ती आता काकांकडे वळली. "आणि तुमच्या कारखान्यातला सँडी? म्हातारा जॉक? ते कसे चमचा धरतात, काका? सगळ्यांच्या कानांमागे उंचवटे आहेत का हो? सगळे दिवसभर तुमच्या पाऱ्याच्या वाफेत उभे असतात, एवढं मला माहीत आहे. बाबाही जन्मभर तेच फेल्ट वाफवायचे. कातड्यांना पाऱ्याचं पाणी लावायला निनिअनही दोन हिवाळे जातोय तिथे. गेला तेव्हा त्याच्या हातात सुई धड राहायची."

ॲडम काका उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "माझ्या आजोबांपासून पारा वापरतोय आपण! याच पाऱ्यावर तू वाढलीस, पोरी. तुझं दुकान त्याच फेल्टवर चालतं. भावाला वाचवायला आता चुलत्याला विकायला निघालीस?"

"मी कुणाला विकत नाहीये. विचारतेय."

"मग शिकलेल्याला विचार. आहे ना घरात." काकांनी मुंगोकडे बोट केलं. त्या बोटात राग होता आणि भीतीही होती. ग्रिझेल हेच शेरीफपुढे बोलली तर? "मुंगो, सांग हिला. एका शब्दात सांग. पारा की मस्तक?"

मुंगोनं आधी काकांकडे बघितलं, मग आईकडे. ती एप्रन दोन्ही मुठींत धरून उभी होती.

"काका," तो म्हणाला, "कानामागच्या उंचवट्याला काही अर्थ नसतो."

"काय?"

"काही अर्थ नसतो. हाड आहे ते. कुणाचं मोठं, कुणाचं लहान. त्यावरून माणूस कळत नाही."

"आणि एवढी व्याख्यानं दिलीस ती?"

"दिली."

"पारा आहे म्हणतोस मग?"

"ते मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. डोकं नाहीये, एवढं सांगतो. शेरीफलाही हेच सांगेन आणि निनिअनला जामीन राहीन."

"शेरीफ तुला हसेल. उद्यापर्यंत अख्खं एडिंबरा हसेल. तुझी खुर्ची कोण मांडणार मग सभागृहात?"

"कुणी नाही मांडणार," मुंगो म्हणाला. आपण खोटं बोललो की आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. आणि ते कळण्याआधीच वाक्य तोंडातून निघून गेलं होतं.

निनिअननं मान वर केली. "दादा, मी म्हटलं होतं, बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"तुला बरं वाटलं का?"

"अजून नाही कळत."

"मग झालं तर. कोट घाल."

ॲडम काकांनी हॅट उचलली, बराच वेळ हातात फिरवली आणि न घालताच दारातून बाहेर पडले. जिन्यात त्यांची पावलं एकदा थांबली. पण ते परत आले नाहीत.

ग्रिझेल टेबल आवरायला लागली. मुंडीला कुणीच धड हात लावला नव्हता. "तू त्या कारखान्यात परत पाय ठेवायचा नाहीस," ती निनिअनला म्हणाली. "काका काय म्हणायचं ते म्हणोत."

"मग मी करू काय?"

"यापुढे रोज दुकानातच ये. झाडू मार. गिऱ्हाइकांना नमस्कार कर. साचे मी उचलत जाईन."

"तुला भीती नाही वाटणार, ताई?"

"वाटेल की. आज रात्रीही खुर्ची लावणार आहे मी दाराला." तिनं थाळ्यांवर थाळ्या ठेवल्या. "उद्याही लावेन. परवाचं परवा बघू."

निनिअन हसला नाही, पण तिच्या हातातल्या दोन थाळ्या त्यानं घेतल्या. त्या त्याच्या हातात किणकिणत राहिल्या. ग्रिझेलनं त्या परत मागितल्या नाहीत.

*

दाराशी युफेमिया मुंगोच्या कोटाची बटणं लावत होती. चौतिशीतला बाप्या, पण तिनं कधी त्याला स्वतःची बटणं लावू दिली नव्हती.

"आई," तो हलकेच म्हणाला, "ऐकलंस ना मी काय म्हणालो ते? तुझ्या हातून काही झालेलं नाही. ना पट्टीनं, ना दाबण्यानं. नीट कळलं ना तुला?"

"कळलं रे."

तिचा चेहरा खरोखर निवळला होता. गेले दोन महिने बसलेला पीळ सुटावा तसा. मुंगोच्या मनात आलं, जाऊ देत सभागृह आणि खुर्ची, हे तरी मिळालं. आणि त्याला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

युफेमियानं हात वर केला आणि त्याच्या कपाळावर, अगदी वर, केस सुरू होतात तिथे ठेवला. "इथेच ना रे दया असते? त्या पांढऱ्या डोक्यावर दाखवली होतीस तू."

"आई, मी आत्ताच सांगितलं ना, की..."

"भर घरात, भावजींच्या तोंडावर, आईच्या जिवासाठी एवढं मोठं खोटं बोललास." तिनं ती जागा बोटांनी हळूच चाचपली, बाजारात पाव ताजा आहे का बघतात तशी. "बघ ना किती भरलीये. उगाच का? तुझं शास्त्र खरंच आहे, बाळा. लोक हसले तरी सोडू नकोस हं."

मुंगोनं कोटाचं उरलेलं बटण स्वतःच लावलं.

निनिअन मागून कोट चढवत आला. युफेमियानं खुंटीवरची त्याची लोकरीची टोपी काढली, त्याच्या डोक्यावर घातली आणि दोन्ही हातांनी खाली ओढली. कान झाकेपर्यंत ओढली. मग मागूनही ओढली, केसांची एकही लाल बट दिसेनाशी होईपर्यंत.

"पुरे की गं," निनिअन म्हणाला. "काही दिसत नाही मला."

"शेरीफसमोर काढू नकोस," ती म्हणाली. "वारा आहे बाहेर."

बाहेर वारा नव्हता.